मे महिन्याची दुपार, चिंचोके आणि आपले 'नको'

आमच्याकडे जळगावला एप्रिल अर्धा सरला की सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच लहान मुलाला अंगणात सोडता येत नाही. पारा 43-44 अंशांवर जातो, फरशीसुद्धा तापते, आणि खिडक्या लावून, कूलर सुरू करून घर बसते. मोठी माणसे आडवी होतात; चार वर्षांच्या मुलाला मात्र त्या वेळी कुठेच आडवे व्हायचे नसते.

मागच्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी माझ्या लक्षात आले की घरातली आम्ही तीन मोठी माणसे नातीशी जे काही बोलत होतो, त्यातली बहुतेक वाक्ये 'नको'ने संपत होती. कूलरला हात लावू नको, पाणी सांडू नको, ओरडू नको, आजोबा झोपलेत. प्राथमिक शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईने हे करावे, याची मला लाज वाटली. 'सांडू नको' या वाक्यात काय करायचे ते कुठेच नसते. 'पेला दोन्ही हातांनी धर' म्हटले की तिला करण्यासारखे काही मिळते आणि पेला बहुधा ओट्यापर्यंत पोहोचतो. बहुधा म्हणते, कारण फरशी अजूनही पुसावी लागते.

कौतुकाची गोष्ट मला याहून अवघड वाटते. आम्ही घरात एकमेकांशी अहिराणी बोलतो, आणि पोरीशी बोलताना मात्र कोण जाणे कुठून पुस्तकी मराठी व इंग्रजीची भेसळ आणतो. तिने काही दाखवले की 'व्हेरी गुड', की संपले संभाषण. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे असे म्हटले आहे; धोरणाला चालणारी भाषा आम्हाला घरात चालत नाही, याला काय म्हणावे?

एकदा ती परातीत चिंचोके मांडून बसली होती. पटाच्या खेळासाठी फोडलेले, एका बाजूने पांढरे चिंचोके एकीकडे आणि अख्खे तपकिरी दुसरीकडे, अशी वाटणी चालली होती. एका चिंचोक्याचे साल अर्धवट निघाले होते. तो तिने आधी पांढऱ्यांत ठेवला, मग उचलून तपकिऱ्यांत ठेवला आणि शेवटी परातीच्या काठावर एकटाच बसवला. मी सवयीने 'हुशार गं' म्हणणार, तेवढ्यात आजोबांनी खाटेवरूनच विचारले, "काय करी ऱ्हायनी माय?" त्यावर त्या काठावरच्या चिंचोक्याची हकिकत दहा मिनिटे चालली. माझ्या 'हुशार'ने ती दोन सेकंदांत मिटली असती.

क्लॉडिया म्युलर आणि कॅरोल ड्वेक या संशोधकांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हुशारीचे कौतुक झालेली मुले पुढे सोपे काम निवडताना दिसली, तर मेहनतीचे कौतुक झालेली अवघड कामाकडे वळली. ती मुले पाचवीतली होती हे खरे. तरी 'तू किती वेळ विचार केलास त्या एकावर' असे म्हणायला चार वर्षे हे वय लहान आहे, असे मला वाटत नाही.

खेळासाठी बाजारात जावे लागत नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, तेव्हा परिसरात मिळणाऱ्या वस्तूंनाच शिक्षणाचे साहित्य मानले होते. मात्र बसून खेळणे पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात किमान 180 मिनिटे हालचाल व्हावी आणि पडद्यासमोर बसणे एक तासाच्या आत असावे. म्हणून आम्ही शहाबादी फरशीच्या चौकटींवर लंगडी घालतो, गाद्या खाली ओढून कोलांट्या मारू देतो. आजोबांची झोप मोडते. ती मोडावीच लागते.

तिचा दीड वर्षाचा भाऊ हल्ली परातीकडे रांगत येतो. चिंचोका त्याच्या घशात अडकू शकतो, त्यामुळे तो जागा असेपर्यंत चिंचोक्यांचा डबा फडताळाच्या वरच्या कप्प्यात जातो आणि दोघांपुढे कांद्या-बटाट्यांची टोपली येते. निवडणे तेच, फक्त टरफले घरभर होतात.