सहकुटुंब, सहपरिवार, गळासह

गळ टाकून बसणारी माणसं स्वभावानंच शांत असतात, असं मला कित्येक वर्षं वाटायचं. आता कळतं की ती नुसती एकटी आलेली असतात.

माझी अपेक्षा माफक होती. रविवारची सकाळ, पाण्याचा काठ, हातात काठी, आणि दोनतीन तास कुणी मला काही विचारायचं नाही. मासा ही निव्वळ सबब. घरात "मी जरा दोन तास गप्प बसून येतो" असं सांगितलं तर लोक कपाळाला हात लावून ताप बघतात. म्हणून मी "मासे धरायला जातो" असं म्हटलं. त्यावर बायको म्हणाली, "आम्ही पण येतो." 'आम्ही' म्हणजे ती, आमची नऊ वर्षांची मुलगी, पुण्यात मुक्कामाला आलेल्या सासूबाई आणि त्यांना सोडायला म्हणून येऊन आमच्याकडेच राहिलेला माझा मेव्हणा.

मी मूळचा बार्शीचा. आमच्याकडे मासा आठवडी बाजारात दिसतो, तोही आपण होऊन जवळ गेलं तरच. सासर मात्र मालवणचं. सासूबाईंच्या लेखी मासा समुद्रात असतो, खाडीत असतो, फार तर फार सड्यावर वाळत घातलेला असतो. धरणात मासा असतो हे त्यांना मान्यच नाही.

"गोड्या पाण्यातलो मासो? तेका कसली चव? गाळ नुसतो!"

मेव्हण्यानं आठवडाभर व्हिडिओ बघून तयारी केली. मालवणात वाढलेल्या माणसाला मासेमारी शिकायला मोबाइल कशाला लागतो, हा प्रश्न मी जावई असल्यामुळे गिळला. आम्ही दोघं दुकानात गेलो आणि लांबच लांब दांडी, फिरकीचं रीळ, आठ किलो वजन पेलणारा तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, शिशाच्या गोळ्या आणि गळ घेऊन आलो. दुकानदारानं विचारलं, "कितीचे गळ देऊ?" मेव्हणा जाणकारासारखा म्हणाला, "सुरुवात आहे, लहानच बरे. दोन नंबरचे द्या." पाण्यावर गेल्यावर कळलं की गळांचा हिशोब उलटा असतो. बारा नंबरचा गळ नाजूक, सहाचा त्याहून मोठा, आणि दोनचा घेतला तर त्याला छत्री टांगता येते.

आम्ही उजनीला गेलो. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभरएक किलोमीटरवर भिगवण लागतं आणि तिथून उजनीचा फुगवटा सुरू होतो. 1980 साली धरण पुरं झालं, भीमेकाठची गावं पाण्याखाली गेली आणि काही वर्षांनी ऊसवाल्यांच्या बरोबरीनं मासेवाल्यांचाही तालुका झाला. उजनीचं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे उन्हाळ्यात हे धरण शून्याच्या खाली जातं. मृतसाठ्याला, म्हणजे एरवी न वापरायच्या तळाच्या पाण्याला, हात लागला की वर्तमानपत्रं 'उजनी उणे' असं छापतात आणि पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातून वर येतं. मुलीला शाळेत ऋणसंख्या समजत नव्हत्या. उणे टक्के भरलेलं धरण आणि बारापेक्षा मोठा असलेला दोन, एवढ्यावर तिचा तो धडा गाडीतच संपला.

धरणातली मासेमारी ठेक्याची आणि परवान्याची असते, आपण उठून गेलो आणि गळ टाकला असं चालत नाही. तेव्हा ओळखीतून एका परवानाधारक मच्छीमार दादांना गाठलं होतं. ते पहाटेची जाळी काढून, भिगवणच्या लिलावात माल देऊन, दात घासत आमची वाट बघत होते. आमची दांडी बघून त्यांनी दात घासायचं थांबवलं.

"साहेब, ह्याला किती पडलं?"

मी आकडा निम्म्यानं कमी करून सांगितला. तरी ते हळहळले.

सासूबाईंनी दांडीकडे आत्ता पहिल्यांदा नीट पाहिलं. "ही गुढी कित्याक हाडलंस?" त्यांनी मुलाला विचारलं. दादांनी खिशातून पाण्याची रिकामी बाटली काढली. तिच्याभोवती तंगूस गुंडाळलेला, टोकाला एक बारीक गळ आणि शिशाचा तुकडा. सासूबाईंचा चेहरा उजळला. "ह्या बरोबर! आमचो बापूस असोच गरवायचो. पायाच्या आंगठ्याक दोरी बांधून खाडीर निजाय, मासो लागलो की जाग येय." मच्छीमार आणि सासूबाई यांची एका वाक्यात जमली. मी आणि मेव्हणा गुढी घेऊन उभे.

पहिली पायरी गळ बांधण्याची. साधी गाठ तंगुसावर टिकत नाही, सुटते. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायचा, मूळ दोऱ्याभोवती पाच वेढे द्यायचे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून मागे आणायचं, थुंकी लावायची आणि ओढायचं. थुंकी महत्त्वाची, कारण कोरडा तंगूस ओढताना तापतो आणि तिथेच कमजोर होतो. ही माहिती नंतरची. त्या वेळी मेव्हण्यानं व्हिडिओ लावला आणि चौथ्या वेढ्याला नेटवर्क गेलं. पडद्यावर एका गोऱ्या माणसाची दोन बोटं हवेत अडकून राहिली. मेव्हणा मोबाइल उंच धरून बाभळींतून फिरला, एका ढेकळावर चढला, तिथे एक कांडी आली, पण तोवर त्याच्या हातातले चार वेढे सुटले होते. शेवटी दादांनी बोलता बोलता, न बघता, चार गळ बांधून दिले. त्यांनी स्वतःचे बारीक गळ दिले. आमचे दोन नंबरचे बघून म्हणाले, "हे ठिवा. मगर आली तर बघू." बायको दोन पावलं मागे सरकली. "इथं मगर आहे?" "न्हाई ओ ताई, म्हणून तर म्हणलं."

आमिषाला गांडूळ की कणीक, यावर घरीच मतदान झालं होतं. गांडुळाला हात लावायला कुणी तयार नसल्यामुळे कणीक निवडून आली. बायकोनं हळद घालून घट्ट मळून आणली होती. मुलीनं त्याचे इतके सुबक गोळे वळले की पाण्यात टाकायला जिवावर यावं. माशांना मात्र ते फार आवडले. पाच मिनिटांनी दोरा वर काढावा तर गळ घासूनपुसून लख्ख. परत गोळा, परत लख्ख. "बघा, माझ्या हातचं कुणी तरी मुकाट्यानं खातंय," बायको म्हणाली. कुणाकडे बघून म्हणाली ते सांगत नाही.

मग मी दांडी फेकायला घेतली. व्हिडिओत सगळं मनगटात असतं. माझंही मनगटातच होतं, पण गळ पुढे जाण्याऐवजी डावीकडे गेला आणि काठच्या बेशरमाच्या झुडपात रुतला. बेशरम हे नाव या झाडाला कुणी दिलं त्याला माझा नमस्कार. कापा, जाळा, पाण्यात बुडवा, ते पुन्हा फुटतं, आणि एकदा धरलेला गळ सोडत नाही. मी गुडघाभर चिखलात उतरून तो सोडवत असताना पलीकडून पक्षिनिरीक्षकांची होडी आली. फेब्रुवारीत तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो असतात, त्यांच्यासाठी लोक पहाटे पुण्याहून निघतात. होडीतल्या एका गृहस्थांनी हातभर लांब कॅमेरा खाली घेऊन ओठांवर बोट ठेवलं. आमच्याकडे त्या वेळी डब्यातलं थालीपीठ कुणी संपवलं याची चौकशी चालू होती.

"श्श! आवाजानं मासे पळतात," मेव्हणाही म्हणाला.

इथे माझ्यातला वाचक जागा झाला. हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक सगळा माघारी फिरतो, खाली फारच थोडा उतरतो. माशाला घाबरवतो तो पायांचा दणका, कारण काठाच्या जमिनीतून तो थेट पाण्यात जातो. म्हणजे बोललं तर एक वेळ चालेल, नाचू नका. मी हे ज्ञान मोठ्या उत्साहानं सगळ्यांना दिलं.

बायको म्हणाली, "म्हणजे बोललं तर चालतं?"

त्यानंतर दोन तास काठावर जे संभाषण झालं त्यात सोसायटीचा मेंटेनन्स, मुलीचं गणित, माझ्या बहिणीनं वास्तुशांतीला दिलेली साडी आणि मी दर रविवारी नुसता बसून का असतो, हे विषय आले. मासे जागेवरच होते. जायचं होतं मला.

मेव्हण्याला आता राहवेना. त्यानं दांडी माझ्या हातून घेतली, मागे न बघता खांद्यावरून झोकात फिरवली आणि गळ सासूबाईंच्या पदरात बसला. आम्ही सगळे धावलो. मी ओढून बघणार एवढ्यात त्यांनी माझा हात बाजूला केला. "थांबा जावयबापू, उलटो काटो आसा, ओढलास तर साडी फाटात." त्यांनी पिशवीतून अडकित्ता काढला, सुपारीच्या शांतपणे तंगूस कापला आणि गळाचं टोक मागे न ओढता पुढेच ढकलून आरपार काढलं. पदराला दोन टाचणीएवढी भोकं. मग गळ मुलाच्या तळहातावर ठेवून म्हणाल्या, "मालवणात सांगू नको कोणाक."

मासा लागला तो मुलीला, आणि तोही दादांच्या बाटलीवर. तिनं बोटावर दोरा धरला होता. टकटक झाली तशी तिनं आरडाओरडा करून दोरा दोन्ही हातांनी ओढला आणि पाण्याबाहेर एक राखाडी, तळहाताएवढी चिलापी उडत आली आणि थेट मेव्हण्याच्या मांडीवर पडली. त्यानं ती पकडली. चिलापीच्या पाठीवरचा पर काट्यांचा असतो, रागावली की ती तो उभारते. पकडल्यावर त्यानं काढलेला आवाज मात्र हवेतून पाण्यात नक्की उतरला असेल, रोहितांचा तर थवाच उठला. होडीतल्या गृहस्थांना बहुधा उडत्या थव्याचा फोटो मिळाला, कारण या वेळी ते काही बोलले नाहीत.

चिलापी ही मूळची आफ्रिकेची, 1952 साली भारतात आणली. उजनीत आता जाळं टाकलं की आधी हीच येते. दादांनी मुलीला काठाजवळच्या उथळ पाण्यात नराने केलेले खड्डे दाखवले, बशीएवढे गोल. मादी अंडी तोंडात घेऊन फिरते, पिल्लं निघाली तरी धोका दिसला की ती परत आईच्या तोंडात शिरतात, तेवढे दिवस आई जवळजवळ काही खात नाही, हेही सांगितलं. मुलगी विचारात पडली. मग आजीकडे वळली.

"आजी, तू आईला अशी तोंडात ठेवायचीस?"

"तोंडात नाय गो, डोक्यार घेतलंय तुझ्या आवशीक. म्हणान ही अशी."

नंतरच्या तासात भराभर मासे लागले. सगळे बाटलीवर. दांडीला एकही नाही, ते मी पुन्हा पुन्हा सांगत बसत नाही.

भिगवणात जेवायला थांबलो. हायवेवर हॉटेलांची रांगच आहे, पाट्यांवर चिलापी फ्राय, मरळ रस्सा, वाम. सासूबाईंनी मेनू वरून खाली वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि पोऱ्याला विचारलं, "सुरमय नाय?" त्यानं मालकाला हाक मारली. मालकानं अभिमानानं सांगितलं, "आपल्याकडं सगळं उजनीचं ताजं!" सासूबाईंनी भेंडीची भाजी मागवली.

घरी आल्यावर मात्र चिलाप्या त्यांनीच ताब्यात घेतल्या. खवलं काढली, पोट फाडून आतली काळी झिल्ली नखानं खरवडून टाकली. ही झिल्ली चिलापीच्या पोटात अस्तरासारखी असते आणि ती राहिली की कडवट लागतं. मग मीठ-हळद, वर कोकमाच्या सोलांचं दाट आगळ, आणि अर्धा तास झाकण. त्या गाळाच्या वासाचंही कारण आहे. तळ्यातले सूक्ष्म जीव जिऑस्मिन नावाचा पदार्थ तयार करतात आणि तो माशात उतरतो. पहिल्या पावसात मातीला येतो तोच हा वास. कनौजला तो अत्तर करून बाटलीत विकतात, कवी त्यावर ओळी करतात, आणि माशात आला की आपण नाक मुरडतो. आंबटात जिऑस्मिन टिकत नाही. सासूबाईंना जिऑस्मिन ठाऊक नव्हतं, आगळ किती घालायचं ते ठाऊक होतं.

तिरफळं घातलेलं सार झालं, तुकड्या तळल्या, सगळे जेवलो. मेव्हण्यानं विचारलं, "आई, कसो झालो?" त्यांनी काटा ताटाच्या कडेला नीट लावून ठेवला. "सार बरा झाला." थोडं थांबून, "मासो... आसा आपलो." मालवणकडून याहून वरचं प्रमाणपत्र गोड्या पाण्याला मिळत नाही.

दांडी माळ्यावर गेली. मेव्हण्याला पुढच्या वेळी महाशीर धरायचा आहे, त्यासाठी तो आता वजनदार रिळांचे व्हिडिओ बघतो. जाताना सासूबाईंनी आमचं रीळ मागून घेतलं. त्यांच्या पोवळ्यांच्या माळेचा दोरा वर्षभर तुटलेला होता.

"ह्यो तंगूस माका व्हयो," त्या म्हणाल्या. "बरो आसा, तुटाचो नाय." आठ किलोचा आहे, मी सांगितलं. "मग दोन सर करतंय," त्या म्हणाल्या आणि पोवळी मोजायला बसल्या.