आई दाखवा, मग पिल्लू बघू

नमस्कार,

माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की छोट्या कुत्र्यांबद्दल लिहिताना मी ब्रीडरची, म्हणजे जातिवंत पिल्लं काढून विकणाऱ्यांची, भलामण केली, पिल्लाच्या आईबापांचे तब्येतीचे रिपोर्ट मागा हे तर निव्वळ चोचले आहेत, आणि तुमचं पॉमेरियन वंशावळीच्या कागदांशिवाय, काहीही चौकशी न करता आणलेलं, तेरा वर्षं ठणठणीत जगलं.

जगलं ह्याचा खरंच आनंद आहे. आमच्या वाट्याला तसं आलं नाही, एवढंच.

आमची पहिली पॉम आणली तेव्हा मी पण काही विचारलं नव्हतं. विकणारा म्हणाला आई फार्मवर असते, तिकडे कशाला येता, मीच आणून देतो, आणि रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून खोक्यातनं सहा आठवड्यांचं पिल्लू काढून हातात दिलं. कागद होते हं, सही-शिक्क्यासकट! चार-पाच महिन्यांची झाल्यावर ती धावता धावता मधेच मागचा एक पाय उचलून लंगडी घातल्यासारख्या उड्या मारायची, चार पावलं गेली की पाय टेकून परत नॉर्मल. आम्ही हसायचो, व्हिडिओ काढायचो. मग लसीकरणाच्या वेळी व्हेटनी तिचा गुडघा धरला आणि माझा अंगठा त्यावर ठेवून वाटी कशी बाजूला सरकते ते दाखवलं. बोटाखाली ती टुणकन सरकली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. पटेलर लक्झेशन, छोट्या जातींमध्ये अगदी कॉमन, चार ग्रेड असतात, हिची तेव्हा दुसरी होती, पुढे तिसरी झाली आणि ऑपरेशन करावं लागलं. ते सगळे व्हिडिओ अजून फोनमध्ये आहेत, बघवत नाहीत.

आता ही तपासणी म्हणजे काय, तर व्हेटनी हाताने गुडघे चाचपायचे, मशीन नाही काही नाही, दोन मिनिटांचं काम. पिल्लं काढायच्या आधी आईबापांचे गुडघे कुणीतरी असे बघितले होते का, एवढंच मी विचारायला सांगते. ह्यात चोचले कुठले? कागदावर आजोबा-पणजोबांची नावं असतात, त्यांचे गुडघे कसे होते ते त्यात नसतं, त्यामुळे नुसत्या कागदांना मी पण तुमच्याइतकीच किंमत देते.

कॅव्हलियर किंग चार्ल्स स्पॅनियल ह्या छोट्या जातीचं तर अजून अवघड. त्यांच्यात हृदयाच्या मायट्रल झडपेचा आजार इतका पसरलाय आणि तो दिसायला लागतो वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आसपास, म्हणजे दोन वर्षांच्या आईचं हृदय क्लिअर आहे असं कुणी अभिमानाने सांगितलं तर त्यातनं फारसं कळत नाही, आजी-आजोबांचं विचारावं लागतं. २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिथलं कॅव्हलियरचं प्रजनन प्राणी कल्याण कायद्यात बसत नाही असा निकाल दिला, त्याचं कारण हेच, जातीतले आजार. ‘टीकप’ म्हणून जी एकदम इवलीशी कुत्री विकतात त्यांच्याबद्दल एकच सांगते, ही जातही नाही आणि कुत्र्यांच्या जाती नोंदवणाऱ्या कुठल्या नावाजलेल्या केनेल क्लबने मान्य केलेला आकारही नाही, इतक्या इवल्याशा पिल्लाची एक-दोन खाणी चुकली तरी साखर उतरून ते कोसळू शकतं.

दुसऱ्या वेळी पिल्लासाठी ज्या ब्रीडरकडे गेले तिने उलट माझीच मुलाखत घेतली. दिवसभर घरी कोण असतं, आधीच्या कुत्रीचं काय झालं, भाड्याचं घर असेल तर मालकाची परवानगी आहे का... खरं सांगते, अपमान वाटला मला! पिल्लं स्वयंपाकघरात होती, तिने बोलता बोलता मिक्सर लावला आणि एकही दचकलं नाही, आई माझा हात हुंगून परत आडवी झाली. बारा आठवडे व्हायच्या आत द्यायला ती तयार नव्हती आणि लिहून घेतलं की कधीही, कुठल्याही वयात सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं तिच्याकडेच परत यायचं. आठ महिने थांबले मी त्या पिल्लासाठी. ब्रीडर म्हणते तेव्हा मला अशी माणसं अभिप्रेत आहेत, तो खोकेवाला नाही. पण ते मी आधीच्या लेखात नीट लिहिलं नाही, चूक माझी.

अजून एक तुमचं शंभर टक्के मान्य. मी दत्तकाबद्दल एक वाक्य लिहून पुढे पळाले. खरं तर ज्याला फक्त सोबत हवी आहे, त्याच्यासाठी तीन-चार वर्षांचं मोठं कुत्रं पिल्लापेक्षा कितीतरी सोपं, कारण आकार, केस, स्वभाव, भुंकणं सगळं समोर दिसतं, गुडघेसुद्धा. जातीचा हट्ट नसेल तर आधी शेल्टरमध्येच जावं. आणि ‘छोटं घर, छोटं कुत्रं’ हे वाक्य लेखातनं आज काढून टाकलंय, कारण घर कितीही छोटं असलं तरी त्या पॉमला फिरायला न्यावं लागतंच आणि भुंकायला तर तिला एवढंसं घरही पुरतं.

‘चोचले’ मात्र मागे घ्या बघू. आणि तुमच्या त्या तेरा वर्षांच्या पॉमचा फोटो असेल तर टाका, नाव पण लिहा.