आधी मोजा, मग पार्ट बदला: दहा-बारा वर्षांच्या डिझेल गाडीविषयी

जुनी डिझेल गाडी ठेवावी की काढावी, या प्रश्नावर माझं उत्तर ठरलेलं आहे. गाडी महिन्याला हजारभर किलोमीटर चालते, त्यातलं बरंचसं हायवेवर, आणि खालून गंज नाही, तर ठेवा. रोज घर ते ऑफिस चार किलोमीटर आणि रविवारी भाजी, एवढंच काम असेल तर काढा. हिशेब अवघड नाही. समजा डिझेल ९० रुपये आणि ॲव्हरेज १८, म्हणजे किलोमीटरला ५ रुपये. पेट्रोल १०४ आणि ॲव्हरेज १५, म्हणजे जवळपास ७ रुपये. वर्षाला १२,००० किलोमीटर चालवणाऱ्याचे २३ हजार वाचतात. ३,००० चालवणाऱ्याचे सहा हजारही वाचत नाहीत, आणि तेवढ्यात एक नवा इंजेक्टरसुद्धा (इंजिनात डिझेल फवारणारा पार्ट, त्याचं तोंड म्हणजे नोझल) येत नाही.

ठेवायची ठरली, तर एक गोष्ट पक्की करा: अंदाजाने पार्ट बदलू द्यायचा नाही. जुन्या डिझेलवर सगळ्यात जास्त पैसा चुकीच्या निदानावर जातो. "साहेब, नोझल गेलेत" हे वाक्य बॉनेट उघडायच्या आधीच येतं, आणि चार इंजेक्टर बदलल्यावर कळतं की फाटका होज पाइप होता.

उदाहरण म्हणून १.३ मल्टिजेट घेऊ, कारण हे वाचणाऱ्या निम्म्या लोकांकडे तेच इंजिन असेल. १२४८ सीसी, मूळ फियाटचं. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, सियाझ, ब्रेझा, व्हिस्टा, मांझा, झेस्ट, पुंतो, लिनिया, सगळीकडे हेच. पुण्याजवळ रांजणगावला बनायचं, हरियाणात मानेसरलाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे धुराचे नवे नियम आले आणि आपल्याकडे त्याचा कारभार संपला. पार्ट मात्र तालुक्याच्या दुकानातही मिळतात. शिवाय या बीएस-४ (त्याआधीच्या नियमांच्या) गाड्यांत डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) नाही आणि युरियाची टाकी नाही, म्हणजे नव्या डिझेलची सगळ्यात महाग दुखणी यांना होतच नाहीत.

सुरुवात ऑइलपासून, कारण या इंजिनाचा शेवटही बहुधा तिथेच होतो. याला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा) नाही, चेन आहे. "चेन म्हणजे आयुष्यभर बघायला नको" असं सेल्समन सांगून गेला आणि लोकांनी ते खरं मानलं. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. संपमध्ये, म्हणजे इंजिनाखालच्या भांड्यात, ऑइल मावतं तीन लिटरच्या थोडं वर. त्यातलं लिटरभर कमी झालं की दाब डळमळतो, चेन सैल पडते, एखादा दात सुटतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनला लागतात. सुदैवाने आधी रॉकर आर्म (व्हॉल्व्ह दाबणारे हात) मोडतात, त्यामुळे पुष्कळदा व्हॉल्व्ह वाचतात. पण सगळे रॉकर, चेन किट आणि मजुरी धरली की महिन्याचा पगार गेला. म्हणून दर पंधरा दिवसांनी सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. रंग बघू नका, डिझेलचं ऑइल पहिल्या शंभर किलोमीटरमध्येच काळं होतं. पातळी बघा. कमी होत असेल तर गळती किंवा टर्बो. वाढत असेल तर जास्त काळजी करा: डिझेल ऑइलमध्ये उतरतंय, म्हणजे इंजेक्टर टपकतोय किंवा गाडी कधी पुरती गरमच होत नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद साखळी खळखळल्यासारखा आवाज आला तर चेन किट बघून घ्या. आणि बॅटरी उतरली म्हणून ही गाडी ढकलून, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून चालू करू नका. टेन्शनरमध्ये दाब नसताना बसलेला तो झटका चेनला दात सोडायला पुरतो. त्यापेक्षा जंपर केबल बरी.

ऑइल बदलायला कंपनी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष म्हणते. लाख-दीड लाख किलोमीटर झालेल्या गाडीला मी ७,५०० म्हणेन, ग्रेड मॅन्युअलमध्ये आहे तोच. "जुनी झाली, आता जाड ऑइल टाका" हा सल्ला ऐकू नका. जाड ऑइल सकाळी टेन्शनरपर्यंत आणि टर्बोपर्यंत उशिरा पोचतं. इंजिन फ्लशही नको. वर्षानुवर्षं बसलेला गाळ एकदम सुटतो आणि स्ट्रेनरच्या जाळीवर जाऊन बसतो.

ज्यांच्या गाडीला बेल्ट आहे (डस्टरचं १.५, फोर्डची १.४ आणि १.५, फोक्सवॅगन-स्कोडाची १.५ आणि १.६, जुनी २.५ इनोव्हा) त्यांनी किलोमीटरइतकीच वर्षंही मोजावीत. कमी चालली तरी रबर म्हातारं होतंच. बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि वॉटर पंपही त्याच बेल्टवर असेल तर तोही, सगळं एकदम. पंप वाचवून पुन्हा तेवढीच मजुरी भरण्यात काय मिळतं ते मला कळलेलं नाही.

आता स्टार्टिंग ट्रबल, जिथे सगळ्यात जास्त फसवणूक होते. गाडी कधी त्रास देते ते आधी लिहून ठेवा. फक्त सकाळी थंडीत त्रास, मग दिवसभर ठीक, तर ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारी कांडी), बॅटरी किंवा कॉम्प्रेशन. सकाळी एका सेल्फमध्ये चालू, पण हायवेवर चहाला थांबून पुन्हा चालू करताना लांब सेल्फ मारावा लागतो, तर इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंप. कारण साधं आहे. इंजिन चालू व्हायला रेलमध्ये (इंजेक्टरांना डिझेल पुरवणारी जाड नळी) साधारण दीडशे-दोनशे बार दाब लागतो. गरम डिझेल पातळ होतं, झिजलेल्या इंजेक्टरमधून रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपात, निसटतं आणि सेल्फच्या वेगात तेवढा दाब बनत नाही. रात्रभर उभी राहिल्यावरच त्रास, चालू झाली की पाचेक सेकंद अडखळते आणि मग व्यवस्थित, तर डिझेल लाइन कुठेतरी हवा ओढतेय: फिल्टरची सील, क्लिप, चिरलेला पाइप. ही दुरुस्ती कधीकधी शंभर रुपयांत होते. मे महिन्यात, गरम इंजिनाच्या तक्रारीवर कोणी ग्लो प्लग विकत असेल तर तिथून गाडी काढा.

बॅटरी मल्टिमीटरने बघा. रात्रभर उभ्या गाडीला १२.६ व्होल्ट हवेत, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये, चालू गाडीत १३.८ ते १४.४. ग्लो प्लगचा कनेक्टर काढून रोध मोजा: एक ओहमच्या आत असेल तर ठीक, काहीच दाखवत नसेल तर मेला. काढताना इंजिन कोमट हवं, आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारलेलं हवं आणि हात हलका हवा. दहा वर्षं बसलेला प्लग जोर लावला की हेडमध्येच मोडतो आणि हजाराच्या कामाचं हेड काम होतं.

इंजेक्टरसाठी लीक-बॅक टेस्ट मागा. चारही इंजेक्टरच्या रिटर्न पाइपांना चार पारदर्शक बाटल्या लावायच्या, गाडी काही मिनिटं आयडलवर ठेवायची आणि पातळ्या शेजारी शेजारी बघायच्या. तिघांत सारखं आणि एकात दुप्पट, तर तो एकच दोषी. चारही बदलायची गरज नाही. काढलेला इंजेक्टर पंप-लॅबमध्ये बेंचवर चढवून रिपोर्ट घ्या. नाशिकला बॉशचा कारखाना आहे, जुनी माणसं त्याला अजून मायकोच म्हणतात. तिथे इंजेक्टर आणि नोझल बनतात, तेव्हा निदान आपल्या राज्यात तरी "ओरिजिनल मिळत नाही" ही सबब चालायला नको. परत बसवताना तांब्याचा वॉशर नवा, एकच आणि सीट साफ करून. जुनाच वॉशर वापरला की कॉम्प्रेशन बाहेर निसटतं, चक्-चक् आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर साचतो. नव्या इंजेक्टरवर कोड असेल आणि तुमच्या गाडीला तो लागत असेल, तर स्कॅनरने ईसीयूत (गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये) भरायलाच हवा, नाहीतर आयडलला थरथर राहते.

डिझेल फिल्टर स्वस्त आहे, त्यात कंजुषी नको. पावसाळ्याआधी आणि नंतर खालचा बोल्ट सैल करून पाणी काढा. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवणाऱ्यांच्या गाडीत हे पाणी जास्त साठतं, कारण मोकळ्या टाकीतल्या दमट हवेचंच पाणी होतं. कोकणात तर विचारायलाच नको.

दुसरी मोठी तक्रार: पिकअप गेला आणि मागे काळा धूर. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि जुन्या गाडीत बहुतेक वेळा हवाच कमी असते. क्रम असा ठेवा. एअर फिल्टर. मग टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत (हवा गार करणारी जाळी) आणि तिथून मॅनिफोल्डपर्यंतचे (ती हवा सिलिंडरांत वाटणारे पाइप) होज. हे होज उभ्या गाडीत चांगले दिसतात आणि दाब आला की चीर उघडते, म्हणून खालच्या बाजूला हात फिरवा. ओलसर तेलकट काळं लागलं की गळती तिथेच. मग ईजीआर, म्हणजे जळालेल्या गॅसचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. शहरात चालणाऱ्या गाडीत हा व्हॉल्व्ह काजळीने भरतो, अर्धवट उघडा अडकतो आणि जळालेला गॅस सतत आत येत राहतो. काढायचा, कार्ब क्लीनर आणि ब्रशने धुवायचा, नवं गॅस्केट लावायचं, आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येही डोकावायचं. टर्बोचा नंबर शेवटी. त्याची शाफ्ट आडवी किंचित हलली तर चालते, पुढे-मागे हलली तर नाही. घाट चढून आल्यावर मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनावर पांढरा धूर आणि कूलंट कमी होतंय, तर गाडी हेड गॅस्केटसाठी दाखवा.

ईजीआर पत्रा लावून बंद करण्याची टूम आहे. धूर कमी होतो, पिकअप सुधारल्यासारखा वाटतो, पीयूसीही मिळतं, कारण डिझेलच्या पीयूसीत फक्त धुराची घनता मोजतात, नायट्रोजनचे ऑक्साइड मोजतच नाहीत. पण तेच तुमच्या आणि शेजाऱ्याच्या फुप्फुसात जातात. मला हे पटत नाही. सर्व्हिस सेंटरचं "डिकार्बनायझेशन" घेऊ नका असंही सांगेन. काजळी बसते ईजीआर आणि मॅनिफोल्डमध्ये, आणि ती हाताने खरवडूनच निघते. टाकीत ओतायच्या बाटल्यांनी झिजलेलं नोझल भरून येत नाही.

हे सगळं स्वतः तपासायला ईएलएम३२७ चं ब्लूटूथ ओबीडी यंत्र (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे फोनवर दाखवणारं) हजाराच्या आत येतं. काही जुन्या गाड्या सगळे आकडे देत नाहीत, पण तीन बहुधा मिळतात. पहिला, मॅनिफोल्डचा दाब. इंजिन बंद आणि इग्निशन ऑन असताना तो बाहेरच्या हवेइतका दिसायला हवा: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५, महाबळेश्वरला ८६. पुण्यात उभी गाडी ८० दाखवत असेल तर सेन्सर काजळीने माखलाय. टर्बोला दोष देण्याआधी तो धुवा. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की आकडा दुपटीच्या आसपास जायला हवा. दुसरा, आयडलला रेलचा दाब, साधारण ३०० बार. यंत्र ३०,००० किलोपास्कल दाखवेल. घड्याळाचा लंबक झाल्यासारखा वरखाली होत असेल तर पंपावरचा व्हॉल्व्ह किंवा फिल्टर बघा.

तिसरा आकडा कूलंटचा, आणि इथे आपल्याकडची एक खास खोड सांगायलाच हवी. गाडी एकदा तापली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट काढूनच टाकतात, "आता कधी गरम होणार नाही". खरंच होत नाही. इंजिन ६० अंशांवर रेंगाळतं, डिझेल नीट जळत नाही, ॲव्हरेज पडतं, काजळी वाढते, डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग ईजीआर भरला म्हणून खर्च, इंजेक्टर गेले म्हणून खर्च. मूळ कारण ते हजार-दोन हजारांचं थर्मोस्टॅट. सेकंडहँड घेताना वीस मिनिटं चालवून कूलंट ८५ ते ९५ अंशांत स्थिरावतं का, एवढं नक्की बघा. चार किलोमीटरच्या फेऱ्यांना डिझेल नको म्हणतो तेही यासाठीच: थर्मोस्टॅट चांगला असूनही इंजिन तिथवर पोचतच नाही. कूलंटमध्ये बोअरचं पाणी घालू नका, आपल्या पठारावरच्या पाण्याने रेडिएटरमध्ये क्षार बसतात. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

पावसात पाणी भरलेल्या रस्त्यावर इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारू नका. डिझेलचं कॉम्प्रेशन जास्त, आणि पाणी काही दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. टो करा, सिलिंडर उघडून पाणी काढा. दहा वर्षांच्या गाडीला इंजिन प्रोटेक्टचं कव्हर सहसा मिळत नाही, त्यामुळे हा खर्च तुमचाच.

शेवटी कागद, कारण दिल्लीच्या बातम्या वाचून लोक घाबरून गाड्या मातीमोल भावात काढतात. दहा वर्षांच्या डिझेलवरची बंदी दिल्ली आणि एनसीआरपुरती: राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश, २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने कायम केलेला, आणि त्यावर पुढेही फेरफार झाले. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपायच्या आधीच्या ६० दिवसांत करा. एप्रिल २०२२ पासून कारची फी ६०० वरून ५,००० झाली आणि उशिराला महिन्याला ५०० वेगळे. पर्यावरण कर निराळा. बीएस-४ चं पीयूसी वर्षभर चालतं, त्याआधीच्या गाड्यांचं सहा महिने. धुराची मर्यादा बीएस-४ ला ५० एचएसयू (धुराची घनता मोजायचं एकक), जुन्यांना ६५. पीयूसीच्या कागदावर हा आकडा छापलेला असतो. तो दरवर्षी जपून ठेवा. १८ वरून ३५ वर गेला, तर पास झालो म्हणून गप्प बसू नका, होज आणि ईजीआर बघा.

आणि दिल्लीहून "निम्म्या किमतीत" येणारी डिझेल घ्यायची असेल, तर आधी एनओसी बघा, मग इथल्या आरटीओचा कर विचारा, आणि ओबीडी यंत्र लावून वरचे तीन आकडे घेतल्याशिवाय टोकन देऊ नका.