‘फुकटच्या सॉफ्टवेअरवर गाणं होत नाही, क्रॅक टाका’: हा सल्ला का चुकीचा आहे

जळगाव-धुळ्याकडे अहिराणी गाणी घरीच रेकॉर्ड करणाऱ्या पोरांना एक मेसेज हमखास येतो: ओपन सोर्सवर (खुल्या कोडच्या मोफत सॉफ्टवेअरवर) आवाज पातळ येतो, गाताना आवाज मागे पडतो (हेडफोनमध्ये उशिरा येतो), वाद्यं मिळत नाहीत, फाइल दुसऱ्या स्टुडिओत उघडत नाही; म्हणून क्यूबेस नाहीतर एफएल स्टुडिओ या विकतच्या सॉफ्टवेअरचा क्रॅक, म्हणजे चोरलेली प्रत, टाका. एकेक तक्रार बघू.

आवाज पातळ येतो. आर्डोर या ओपन सोर्स रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये मिक्सिंगचं गणित ३२-बिट फ्लोट या अचूक आकडेमोडीत चालतं. पडताळून पाहा: एकच स्टिरिओ वेव्ह फाइल आर्डोर आणि क्यूबेस दोन्हीत फेडर (आवाजाची पट्टी) शून्यावर, इफेक्ट, डिदर (बारीक गोंगाट मिसळणं) आणि नॉर्मलाइज (पातळी आपोआप वाढवणं) बंद ठेवून एक्सपोर्ट करा. एकीची फेज उलटी करून दुसरीवर ठेवली की शांतता उरते, म्हणजे दोन्ही आवाज सारखेच. पातळपणा येतो तो माइक लांब असल्याने आणि खोलीच्या उघड्या भिंतींमुळे.

आवाज मागे पडतो. तक्रार खरी आहे, कारण मात्र वेगळं. बफर म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचा जो तुकडा साठवून पुढे देतो तो. ४८ किलोहर्ट्झवर १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूचा (आत येताना किंवा बाहेर जाताना) २१ मिलिसेकंद उशीर. १२८ केला की २.७. मग बफर कमी केला की कटकट ऐकू येते, आणि तिथेच लोक सोडून देतात. त्यावर उपाय आहे: लिनक्सवर आपला यूजर ‘ऑडिओ’ ग्रुपमध्ये घाला, रिअलटाइम प्रायॉरिटी (आवाजाच्या कामाला पहिला मान) द्या, लॉगआउट करून परत या, सीपीयू गव्हर्नर (प्रोसेसरचा वेग ठरवणारी सेटिंग) ‘परफॉर्मन्स’वर ठेवा. उबुंटू स्टुडिओ या ऑडिओ-व्हिडिओच्या कामासाठी बनवलेल्या लिनक्समध्ये यातलं बरंचसं आधीच लावलेलं असतं. विंडोजवर इंटरफेसचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीचा) एएसआयओ ड्रायव्हर निवडा, तो उशीर कमी ठेवतो. तरी जमलं नाही तर गाताना इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर (माइकचा आवाज थेट हेडफोनमध्ये देणारं बटण) चालू करा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवा, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येईल.

वाद्यं नाहीत. हे अर्धं खरं. काँटॅक्ट या विकतच्या सॅम्पलरच्या (वाद्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मोठ्या लायब्ऱ्या लिनक्सवर सरळ चालत नाहीत, आणि मेलोडाइन या विकतच्या सॉफ्टवेअरइतकं बारीक सूर दुरुस्त करणारं काही ओपन सोर्समध्ये नाही. सिंथसाठी सर्ज एक्सटी आहे, ठेक्यासाठी हायड्रोजन. पण पावरी (फुंकून वाजवायचं वाद्य) आणि संबळ विकतच्या लायब्ररीत तरी कुठे सापडतात? वाजवणारा माणूस आपल्याच गावात आहे. त्याच्या संबळाचे सुटे ठोके २४-बिटमध्ये, पीक (सर्वांत मोठा आवाज) उणे १२ डीबीच्या आसपास ठेवून रेकॉर्ड करा आणि हायड्रोजनमध्ये स्वतःचा किट बांधा. आमच्या मते खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्याला तोच ठेका शोभतो.

पुष्कळांची फसगत एलएमएमएस या दुसऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये होते. त्याच्या १.२ आवृत्तीत माइकवरून रेकॉर्डिंगच नाही, आणि राग सगळ्या ओपन सोर्सवर निघतो. आवाज आर्डोरमध्ये घ्या. रीपर हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर स्वस्त आहे, चांगलाही आहे, पण ओपन सोर्स नाही.

फाइल उघडत नाही. क्यूबेसची फाइल एफएल स्टुडिओत तरी कुठे उघडते? स्टेम एक्सपोर्ट करा: प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह, सगळ्यांची सुरुवात एकाच ठिकाणी. सोबत टेम्पो लिहून द्या.

आणि क्रॅक: तो चालवायला अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. त्याच लॅपटॉपवर तुमच्या यूट्यूब चॅनेलचं लॉगिन असतं. आर्डोरच्या साइटवर तयार आवृत्तीसाठी पैसे मागतात हे खरं, पण उबुंटू, डेबियन आणि फेडोरा या लिनक्सच्या सॉफ्टवेअर भांडारात तो मोफत मिळतो.