घरचं सोयाबीन बियाणं चालतं: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

'परभणी कृषी विद्यापीठाचं सोयाबीन दरवर्षी नवंच घ्यावं लागतं, घरचं उगवत नाही' असा मेसेज गावोगावी फिरतोय. तो चुकीचा आहे. एमएयूएस ७१, एमएयूएस १६२, एमएयूएस ६१२ हे या विद्यापीठाचे सरळ वाण आहेत, संकरित नाहीत. सोयाबीन स्वपरागसिंचित (फुलाला स्वतःचेच परागकण मिळून दाणे धरणारं) पीक असल्यामुळे वाणाचे गुण टिकतात. प्रमाणित बियाण्यापासून पुढची दोन वर्षं घरचं बियाणं वापरा, असं कृषी विभागही सांगतो.

मात्र सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार नाजूक असतं. पोती आपटली की उगवण घटते, म्हणून पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून तपासाच. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो पुरतं. कमी उगवले तर प्रमाण वाढवा.

ऐन खरिपात शेतकऱ्याचा विनाकारण खर्च होतोय. कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका.