कावळा शिवला नाही, हे इंग्रजीत कसं सांगायचं?

बाबा गेले ते २०२१च्या एप्रिलअखेर. ब्रिटननं २३ तारखेपासून भारताला लाल यादीत टाकलं होतं. गेलो असतो तर परतल्यावर दहा दिवस हॉटेलात कोंडून घ्यावं लागलं असतं, आणि इकडे बायकोचे दिवस भरत आले होते. म्हणून दहावा मी लीड्समध्ये, ओट्याला टेकून, फोनवर पाहिला. वाईच्या घाटावर सकाळचे नऊ, माझ्याकडे पहाटेचे साडेचार. कावळे झाडावर होते, पण खाली उतरेनात. आईला अंतर देणार नाही, सगळं झालं बोलून. शेवटी दादानं फोन पिंडासमोर धरला. "तू बोल. तुझ्यासाठीच अडलंय." मी तोंड उघडलं आणि चित्र गोठलं. परत जोडलं गेलं तेव्हा गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला होता.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे घरच्या ग्रुपवर पेटलेला वाद. माझ्या डोंबिवलीच्या मावसबहिणीनं स्वतःसाठी ऑनलाइन समुपदेशन घ्यायला सुरुवात केलीय (तिला विचारूनच लिहितोय). काकांचं म्हणणं, समोर बसल्याशिवाय कसला उपचार? नाडी न बघता पुडी बांधून दिल्यासारखं आहे हे. त्यावर भाच्यानं २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीचा आकडा टाकला: आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. "आणि तुम्ही समोर बसायचं काय घेऊन बसलात?" मग दोघांनीही मला ओढलं. तू तिकडे असतोस, तूच सांग.

माझी पहिली थेरपी इथलीच. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय स्वतःच नाव नोंदवता येतं, पैसे पडत नाहीत. सत्र व्हिडिओवर, त्याआधी दर वेळी नऊ प्रश्नांचा एक आणि सात प्रश्नांचा एक तक्ता भरायचा. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस उदास वाटलं, झोप कशी आहे, वगैरे. बाई भल्या होत्या. पण पन्नास मिनिटांतली वीस मिनिटं मी कावळा समजावण्यात घालवली. पिंड म्हणजे काय, कावळाच का, तो शिवला नाही म्हणजे काय होतं. समजावता समजावता माझंच मला ते एखाद्या माहितीपटातल्यासारखं वाटायला लागलं. त्यांनी सगळं मनापासून टिपून घेतलं. मला रडू काही आलं नाही.

मग पुण्याच्या एक समुपदेशक सापडल्या, अर्थात ऑनलाइनच. त्यांना मी एवढंच म्हणालो, "कावळा शिवला नाही." त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, "तुम्ही काय कबूल करणार होतात?"

पुढची दहा मिनिटं मला बोलता आलं नाही.

तेव्हा काका, समोर बसण्याचं म्हणाल तर माझ्या बाबतीत दोन्ही वेळा पडदाच होता. फरक पडद्यानं पडला नाही. तरी पडद्याची कटकट नाही असंही नाही. थेरपीत शांततेला काम असतं आणि नेटवर शांतता झाली की पहिली शंका नेटवर्कचीच येते. "हॅलो, येतंय ना ऐकू?" म्हणून मी दोन-तीन वेळा चांगली जमून आलेली शांतता मोडली आहे. टेबलाखाली माझा पाय सारखा हलतो, हे त्यांना तिसऱ्या सत्रात कळलं, तेही लॅपटॉप मागे सरकवायला सांगितल्यावर.

खरी अडचण मात्र जबाबदारीची. पुण्याच्या बाईंनी पहिल्याच दिवशी माझा पूर्ण पत्ता आणि जवळ राहणाऱ्या एका माणसाचा नंबर मागितला. मला ते जरा आगाऊपणाचं वाटलं होतं. पण मध्यरात्री माझं काही बरंवाईट झालं तर त्या पुण्यातून लीड्सची रुग्णवाहिका कशी बोलावणार? तक्रार करायची वेळ आली तर कुठल्या देशाचा कायदा लागू होणार? हे प्रश्न त्यांनी स्वतःहून काढले, म्हणून माझा विश्वास बसला. बाकी परदेशात सगळं कडक असतं असं भाच्याला वाटतं, त्यात तथ्य कमी. ब्रिटनमध्ये क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट ही उपाधी कायद्यानं राखलेली आहे, पण सायकोथेरपिस्ट आणि कौन्सेलर हे शब्द कुणीही दारावर लावू शकतं. आपल्याकडेही क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, समुपदेशकांना मात्र इतकी वर्षं मोकळं रान होतं. २०२१च्या कायद्यानं त्यांनाही कक्षेत घेतलं, पण रील बघून थेरपिस्ट निवडणाऱ्याला ते कोण सांगणार? काकांनी नाडीऐवजी नोंदणी क्रमांकाचा आग्रह धरला असता तर मी त्यांच्या बाजूनं उभा राहिलो असतो.

आणि भाच्याचा आकडा खरा असला तरी पोचणं म्हणजे नुसती रेंज नव्हे. सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. १४४१६ फिरवला की फुकटात, मराठीतही बोलता येतं. सोय उत्तमच आहे, पण ते बोलायचं कुठे? बहिणीचं घर वन रूम किचन. मावशी, काका, ती आणि बारावीतला भाऊ. कुकरच्या शिट्ट्या मधे. पहिल्या सत्रात ती हळू आवाजात बोलत होती, तर मावशी आतून, "कोणाशी गं एवढं कुजबुजतेस?" आता ती गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसते. घरच्यांबद्दलच बोलायचं असेल तेव्हा तेही टाइप करून, कारण वाळत घातलेले कपडे काढायला कोणीही वर येतं. नवरा मारतो हे सांगायचं असलेली बाई काय करत असेल, मला कल्पना करवत नाही.

माझ्याकडे दार लावून घ्यायला खोली आहे, याचं मला इतकी वर्षं काही विशेष वाटलं नव्हतं. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, की वॉर्डातल्या अभ्यासिकेत किंवा दवाखान्यात दार बंद होणारी, पंखा असलेली एक छोटी खोली तासावर मिळाली, तर तुमचा निम्मा वाद मिटेल. काकांनी अंगठा पाठवला, भाच्यानं काहीच नाही. बहिणीनं मला वेगळा मेसेज केला. गच्चीवर पत्रा नाही, जूनमध्ये काय करू?