काट्याला चरबी दिसत नाही

फोंडा-म्हापशाच्या जिमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. भाचीने तो मला पाठवला, सोबत रडका इमोजी. मजकूर असा: ‘घरच्या स्मार्ट काट्यावर चरबी अचूक कळते. तरुण मुलीची चरबी २० टक्क्यांच्या आत हवी. चिमट्याने मोजणं जुनाट. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २३च्या खाली असेल तर काळजीच नको.’

आधी काटा. तो चरबी मोजतच नाही. पायांतून अगदी सौम्य वीज सोडतो आणि तिला किती अडथळा झाला ते पाहतो. स्नायूंत पाणी भरपूर, तिथून वीज सहज जाते, चरबीत अडखळते. मग तुम्हीच भरलेलं वय, उंची, लिंग घेऊन सूत्राने अंदाज बांधतो. पटत नसेल तर अ‍ॅपमध्ये ‘स्त्री’ऐवजी ‘पुरुष’ निवडून पुन्हा उभ्या राहा. शरीर तेच, चरबी वेगळी! शिवाय वीज एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरते, पोटाचा तिला फारसा पत्ताच नसतो. मे महिन्यात मिरामारला तासभर चालून घामाघूम काट्यावर चढलात, किंवा पाळीआधी अंग जड असलं, की आकडा हलतो. हललेलं असतं ते पाणी.

२० टक्के हा खेळाडूंच्या तक्त्यातला आकडा. बाईच्या शरीराला निव्वळ गरजेपुरतीच १० ते १३ टक्के चरबी लागते, पुरुषाला त्याहून कितीतरी कमी. भाचीची २७ आली होती. विशीतल्या मुलीला त्यात रडण्यासारखं काही नाही; जेवण तोडून पाळी चुकवून घेतली तर मात्र आहे.

चिमटा, म्हणजे कातडीची घडी पकडून तिची जाडी मोजणारा कॅलिपर, जुना आहे खरा. त्या जाडीवरून चरबीचा टक्का काढायचं जॅक्सन-पोलॉक या संशोधकांचं बायकांसाठीचं सूत्र १९८०चं, तेही अमेरिकी बायकांवरून बेतलेलं. म्हणून टक्का सोडा. दंडामागे, कमरेच्या हाडावर, मांडीवर, दर वेळी त्याच माणसाने घेतलेल्या मिलिमीटरांची बेरीज लिहून ठेवा. बदल त्यात दिसतो. मोजणारा हात बदलला की मुसळ केरात.

बीएमआयचं उत्तर पुण्यातच मिळालंय. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. डेक्साने, म्हणजे क्ष-किरणांनी चरबी मोजणाऱ्या यंत्राने, मोजल्यावर युडकिनांची चरबी ९.१ टक्के निघाली, याज्ञिकांची २१.२. हे ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली छापून आलं. दोघे पुरुष, हे मान्य. पण सडपातळ दिसूनही चरबी बाळगणारी आपली ठेवण बायकांतही आहेच.

“मग डेक्सा करू?” भाचीने विचारलं. त्याचा अंदाज या सगळ्यांत भरवशाचा, तरी दोन यंत्रांचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. मी तिच्या हातात शिवणाची टेप दिली. कंबर ७१ सेंटिमीटर भरली. आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८०ची.